बापूंच्या गोळ्या आणि आमचं इन्स्पेक्शन

ज्यांचं कामच संशय घेणं, त्यांच्या टेबलावर किस्से आपोआप साठतात. सातपूरच्या आमच्या कंपनीत मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा फरक दिसला की माल परत! ही सवय घरी जाताना गेटवर ठेवता येत नाही. मेथीची जुडीसुद्धा मी सोडून बघतो. पण गेल्या वर्षीचे आमचे बहुतेक किस्से बापू अहिरेंच्या गोळ्यांचे आहेत.

बापू ग्राइंडिंगला. सटाण्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले, रोजचं एक पाकीट ओढणारे. मुलगी सुवर्णा मालेगावला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी येणार हे ठरलेलंच. तर तिने फोनवर सांगितलं, "बाबा, घरात सिगारेटचा वास असेल तर मी येणार नाही. इथेच राहीन."

पहिलं बाळंतपण सासरी! बापूंच्या बायकोने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी बापू डॉक्टरांकडे गेले.

आता माझंही सांगून टाकतो. मी दिवसाला दोनच ओढतो, गेटबाहेर, वर बडीशेप. घरी कुणाला पत्ता नाही. त्याला कुणी ओढणं म्हणत नाही.

*

डॉक्टरांनी बापूंची कुंडलीच मांडली. बीपीची गोळी कुठली, किडनी कशी आहे, कधी फिट आली होती का, मन उदास होतं का. मग चिठ्ठी लिहून दिली.

आमचे स्टोअरवाले कुलकर्णी म्हणाले, "सिगारेट सोडायला गोळी? मग गोळी सोडायला काय, इंजेक्शन?"

मी म्हटलं, "बापू, एक सॅम्पल द्या." सॅम्पल बघितल्याशिवाय मी कुठलाच लॉट पास करत नाही.

बापूंनी गोळ्यांचं पाकीट छातीशी धरलं. "नाय! डॉक्टर म्हनले, एकाची गोळी दुसऱ्याच्या घशात जायला नको."

"खायला नाही हो, बघायला!"

"तुम्ही बघता बघता खाल!"

*

चौथ्या दिवशी बापू टपरीमागे सापडले. हातात पेटलेली सिगारेट!

"डॉक्टरांनीच सांगितलंय," बापू म्हणाले. "पहिले सात दिवस गोळी बी चालू, सिगारेट बी चालू. आठव्या दिवसापासून सिगारेट बंद."

कुलकर्णींच्या कपातला चहा सांडला. "बापू, असा डॉक्टर आम्हालाही दाखवा की!"

मला काही चैन पडेना. अर्धा दिवस रजा टाकून मी थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "पेशंटचं मी तुम्हाला काहीही सांगणार नाही." माझा संशय दुप्पट झाला. बाहेर पडताना भिंतीवर तक्ता दिसला. त्यात बापू म्हणाले तेच लिहिलेलं होतं, आधी आठवडाभर गोळी, मग सिगारेट बंद. खाली सही-शिक्का आहे का, तेही मी बघितलं. नव्हता.

*

कस्टमरचं ऑडिट चालू होतं आणि बापू एकदम टॉयलेटकडे पळाले. आठवा दिवस कधीच उलटून गेला होता. मी नाक वर करून मागोमाग! पण धुराचा वास नाही, नुसता ओकारीचा आवाज.

पॅकिंगच्या मंगलताई बाहेर उभ्या होत्या. "बापू, गोळी घेतली का?"

"घेतली की. पान्यासंगं."

"आणि खाल्लं काय?"

"आज संकष्टी हाय."

मंगलताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, भरल्या पोटी घ्यायची ना ती!" बापूंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तेही तेच बोलले. तेव्हापासून दर उपासाला मंगलताई साबुदाण्याची खिचडी आणायला लागल्या. डबा संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

"गणपती रागावला तर माझं नाव सांगा!"

*

एकदा बापू सकाळी पडेल चेहऱ्याने आले. "ओढली."

"कुठे?"

"सपनात. अख्खं पाकीट!"

आम्ही खूप हसलो. पण पुढच्या चार दिवसांत बापूंचं बोलणंच बंद झालं. डबा तसाच परत जाऊ लागला. एकदा तर त्यांनी हातातला मापाचा गेज टेबलावर आदळला. जो माणूस गेज तान्ह्या पोरासारखा हाताळतो, तो! कुलकर्णी म्हणाले, "मी सांगत होतो ना? फेका त्या गोळ्या."

बापू हळूच म्हणाले, "सगळंच फेकावं वाटतंय."

मला खरंच भीती वाटली. असं काही वाटलं तर त्याच दिवशी फोन करा, मनाने काही ठरवू नका, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी फोन केला आणि बापूंना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं, डोस कमी केला, बायकोलाही बोलावून लक्ष ठेवायला सांगितलं. आठवड्याभरात बापू पुन्हा कुलकर्णींशी भांडायला लागले.

त्या अर्ध्या तासात मी बाहेर तीन ओढल्या.

*

गोळ्यांच्या दहाव्या आठवड्यात सुवर्णा आली. बापूंनी पडदे धुतले होते, भिंतींना रंग दिला होता. कुलकर्णी, मंगलताई आणि मी मुद्दाम गेलो होतो.

ती उंबऱ्यातच थांबली. बापूंना जवळ बोलावलं. शर्टाचा वास घेतला, मग केसांचा, मग एकेका बोटाचा. मीसुद्धा इतकं बारकाईने बघत नाही. बापू श्वास रोखून उभे होते. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, माझी बॅग आत घ्या."

थोड्या वेळाने ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर थांबली, दोन पावलं मागे सरली, पदर नाकाला लावला.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

कुलकर्णी पंख्याकडे बघायला लागले.

मी पायरीवर चपलांशेजारी बसलो. बापू चहा घेऊन आले. मी हळू आवाजात म्हटलं, "बापू, ती गोळी..."

"माझ्यातली देणार नाय." त्यांनी खिशातून दवाखान्याचा कागद काढला. माझं नाव. सोमवार, साडेदहा. "त्या दिवशी दवाखान्याबाहेर तुमची तीन थोटकं दिसली ना, तवाच ठरवलं व्हतं. काल जाऊन नंबर लावला."

मी सवयीने कागद उलटून बघितला. सही होती. शिक्काही होता.