शिबिराचं जेवण मी अडवलं

आमच्या गावचं शिबिर माझ्यामुळे बंद पडलं, असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. वीज आली होती, फोन मात्र खाली रस्त्यावरच्या दुकानात. मे महिन्यात शाळा रिकामी असते. त्या शाळेत मुंबईच्या एक प्राध्यापक बाई कॉलेजातली मुलं घेऊन उतरल्या. रोगांवर संशोधन कसं करतात ते मुलांना सुट्टीत शिकवायचं, असं ते शिबिर. पैसा अनुदानाचा. त्यात मुलांचं खाणं, जीपचं भाडं, रक्त तपासायचं यंत्र, आणि मुलांच्या हातात थोडा खर्च. स्वयंपाक माझ्याकडे आला. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं एवढंच काम येणार होतं.

मुलांना शिकायला आमच्या बायकांचं रक्त हवं होतं. बायका बसेनात. रक्त मुंबईला नेऊन विकतात, असं कुणीतरी पसरवलं होतं. बाईंनी मला सांगितलं की अंगात रक्त कमी आहे का ते यातून कळतं. ते ऐकून मी उठले आणि सगळ्यांच्या आधी माझ्या सुनेला खुर्चीवर बसवलं. तिला सहावा महिना संपत आला होता. हंडा आणताना ती वाटेत दोनदा टेकायची. चुलीतली भाजकी माती चोरून खायची, ते मला दिसायचं. आदल्या पावसाळ्यात वरच्या वाडीतली एक बाई बाळंतपणात अशीच गेली होती. अंगात रक्त नव्हतं, डोलीतून खाली आणता आणता संपली. म्हणून माझी सून पहिली. ती बसली तशा बाकीच्याही बसल्या.

रक्त काढलं महाडच्या एका मुलीनं. बापाचे दोन ट्रक, घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. हात हलका होता तिचा. संध्याकाळी चुलीपाशी येऊन तांदळाची भाकरी थापायला बघायची आणि फाडून ठेवायची. आईनं काय शिकवलं गो तुला, असं मी विचारलं तर म्हणाली, आई म्हणते आधी डॉक्टर हो, भाकऱ्या नवऱ्याला थापू दे. मला पोरगी आवडली.

आठवडा झाला तरी रक्ताचं कुणी काही बोलेना. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, आजी, सांगायची परवानगी नाही, नळीवर नावसुद्धा लिहीत नाही, नंबर असतो. मग मी बाईंना गाठलं. सगळं मुंबईला परत तपासून होईल, त्यावर अहवाल लिहिला जाईल, दिवाळीनंतर बघू, असं त्या म्हणाल्या. सुनेचे दिवस श्रावणात भरत होते, आणि आषाढात आमचा रस्ता तुटला की जीप वर येत नाही. हेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हे अनुदान शिकवण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही, निकाल घरोघर द्यायची त्यात सोय नाही. काळजी वाटत असेल तर महाडला नेऊन वेगळं तपासून घ्या.

सून महाडला यायला तयार नव्हती. मला काय झालंय, म्हणायची. मुलगा मुंबईला कामावर, तोही तिचीच री ओढणार. आणि एकदा काढलेलं रक्त पुन्हा कशाला काढू? उत्तर त्यांच्या पेटीत पडलंच होतं.

आमच्याकडे शेजारणीनं वाटीतून कालवण दिलं तर वाटी धुऊन रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर तांदळाचे चार दाणे टाकतात. इथे आमच्या बायकांनी रक्त दिलं होतं.

शेवटच्या दिवशी अनुदान देणाऱ्यांकडून पाहुणे आले. पुढच्या वर्षी पैसे द्यायचे की नाही ते त्यांनी बघून ठरवायचं होतं. एक म्हातारे गृहस्थ आणि बरोबर दोन माणसं. मुलांनी वर्गात तक्ते लावले होते. एका तक्त्यावर रंगीत खांब होते, आणि टोकाला एक बुटका लाल खांब. महाडची मुलगी पाहुण्यांना सांगत होती, या गटातल्या तीन स्त्रियांचं रक्त धोका वाटावा इतकं कमी आहे. मी पाण्याचे तांबे ठेवायला आत गेले होते. तिनं मला पाहिलं आणि बोलायची थांबली.

मी बाहेर आले. वालाचं बिरडं, भात, भाकऱ्या, सगळं तयार होतं. भाताच्या टोपावर झाकण घातलं, पाट ओढला आणि टोपाला पाठ लावून बसले. पंगत बसली. मी उठले नाही. सून वाढायला पुढे आली, तिला म्हटलं, हात लावू नको.

बाई आल्या. "आजी, पाहुणे खोळंबलेत."

"त्या लाल खांबातल्या तिघी कोण ते सांगा, मग वाढते."

"नावं उघड करणं नियमात बसत नाही."

"मग टोप उघडणं पण माझ्या नियमात बसत नाय."

सरपंच माझ्या अंगावर धावून आले, गावाची लाज काढलीस म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या घरातल्या दोघींनी पण रक्त दिलंय, आधी त्यांचं विचारा. ते मागे सरले. मग ते म्हातारे गृहस्थ पंगतीतून उठून आले आणि मला नक्की काय पाहिजे ते विचारलं. मी सुनेकडे बोट केलं. "हिला श्रावणात बाळ व्हायचंय. वाचणार की नाय ते तुमच्या कागदावर हाय, आणि दिवाळीनंतर सांगणार म्हणतात. तेव्हा कोणाला सांगणार?"

बाई इंग्रजीत त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. तेही बोलले. माझी मान अवघडली, पण मी टोपावरची पाठ काढली नाही. शेवटी बाईच वळल्या. त्यांचा चेहरा रागाचा होता, पण त्यांनी महाडच्या मुलीला नंबरांची वही आणायला सांगितली. त्यांची एक अट होती. तिघींचं नाव पुकारणार नाही, एकेका बाईला वर्गात बोलावून तिचं तिला सांगू. मी कबूल केलं. सगळ्या बायका आत जाऊन येईपर्यंत भात निवला. पाहुणे तोच जेवले.

सून बाहेर आली ती रडतच. तिघींतली एक तीच होती.

दुसऱ्या दिवशी शिबिराच्याच जीपनं तिघी महाडला गेल्या. सुनेला दवाखान्यात ठेवून रक्त चढवलं. आषाढ लागायच्या आत मी तिला महाडला माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवली. श्रावणात मुलगी झाली. दोघी घरी आल्या.

पुढच्या मेमध्ये शिबिर आलं नाही. अनुदान बंद झालं की दुसऱ्या गावाला गेलं, कुणी सांगितलं नाही. जीपवाल्याचं भाडं बुडालं, दुकानदाराचा धंदा बुडाला, माझं स्वयंपाकाचं कामही गेलं. सगळे मला बोलले. त्या मुलांना शिकवायला पैसा आला होता, तर रक्त घेतलं की उत्तरही द्यायचं, एवढं तरी शिकलीच ना ती, असं मी सरपंचांना तोंडावर सांगितलं.

सून तेव्हा महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट केलं, तिच्या रक्ताची गोष्ट गावभर झाली, माहेरच्यांनी नावं ठेवली. ती अजूनही ते काढते. परवा नातीच्या कॉलेजच्या फीवरून आमचं वाजलं, तर म्हणाली, "तुम्ही भर पंगतीत माझी अब्रू घालवलीत, आई."

म्हटलं, घालवली. आणि तिचं ताट वाढायला घेतलं.