शिंपीणबाईंचा चष्मा

वॉर्डात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, आणि मोठ्या सिस्टरना स्वतःच्या जिभेवर भारी भरवसा. दगडालाही बोलतं करीन, म्हणायच्या. पण खिडकीजवळच्या पलंगावरच्या शिंपीणबाईंनी त्यांना पार हात टेकायला लावले. खोल नैराश्यात बुडालेली बाई. ना बोलणं, ना जेवण, नजर सदा भिंतीला. सिस्टर सूप भरवायच्या आणि ते ओठांतून परत हनुवटीवर यायचं. तेव्हा सिस्टरना चक्क राग यायचा. मग आजारी माणसावर रागावलो म्हणून स्वतःचाही राग. दोन्ही गिळून त्या पुन्हा चमचा भरायच्या.

आणि एका सकाळी बाई वेणीफणी करून बसलेल्या! दूध प्यायल्या, हसल्या, सिस्टर तुम्ही माझं फार केलंत म्हणाल्या, घरी सोडा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागल्या. भेटायला आलेल्या त्यांच्या लेकीला तर काय करू नि काय नको असं झालं. सिस्टरना आभाळ ठेंगणं झालं. अहो, कौतुक कुणाला नको असतं?

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरची म्हातारी नाकावर चष्मा चढवून बसलेली त्यांना दिसली. शिंपीणबाईंचा चष्मा. त्यांनीच ठेवून घ्या म्हटलं, असं म्हातारीने सांगितलं. सुई ओवणारी बाई चष्मा देऊन टाकते? मनाशी निरवानिरव केलेलं माणूस कधी कधी असंच एकाएकी हलकं होतं, हे त्या नव्या नर्सना शिकवत आल्या होत्या. आणि आज स्वतःच कौतुकाला भुलल्या होत्या.

त्या शिंपीणबाईंच्या पलंगावर टेकल्या. आडवळणं घेतली नाहीत.

"बाई, जीव द्यायचं ठरवलंय का?"

बाईंचं हसू विरलं. त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर."

घरी जाणं राहिलं, डॉक्टरांनी औषधं बदलली, कुणी ना कुणी सतत जवळ राहिलं. लेक भडकली, आईचं हसणं बघवत नाही का तुम्हाला, म्हणाली. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि तिला शेजारी बसवून सगळं नीट समजावलं. बाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. चष्मा परत घेईनात, तो म्हातारीकडेच राहिला. सिस्टरनी पुन्हा चमचा हातात घेतला. राग यायचा तो आलाच, पण आता त्याची त्यांना लाज वाटेना.

पुष्कळ दिवसांनी एकदा बाईंनी तोंडापाशी आलेला चमचा हाताने बाजूला सारला. कपाळावर ह्या आठ्या.

"बाहीची शिवण उसवलीय तुमच्या. कुणी शिवलंय हे? आधी माझा चष्मा आणा."

म्हातारी चष्मा द्यायला कुरकुरली. सिस्टरनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.