दोन पदकांचा सरदार

परदेशात, अवोन्डेल गावी माझ्या मुलाच्या घराशेजारी एक जर्मन म्हातारा राहायचा. दर रविवारी तो मला त्याच्या गाडीतून बाजारात न्यायचा, आणि मेथीची जुडी हातात पडेपर्यंत मला त्याच्या खापरपणजोबांचं चरित्र ऐकावं लागायचं. मी पुण्यात जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर. फुकटच्या गाडीपायी काय काय ऐकावं माणसानं!

खापरपणजोबा सरदार म्हणे. जहागीर केवढी? दीड गाव आणि एक पिठाची गिरणी! आधी त्यानं आपल्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली. फ्रेंचांच्या बादशहानं त्या राजाला धूळ चारल्यावर यानं बादशहाची शपथ घेतली आणि पदक मिळवलं. त्याच्या फौजेतून रशियाला गेला, पायाची बोटं बर्फात गमावून आला. मग बादशहाचे दिवस फिरले, तसा हा पुन्हा जुन्या राजाकडे. तिथंही पदक! दोन्ही पदकं म्हाताऱ्याच्या हॉलमध्ये एकाच काचेखाली मांडलेली. लाज म्हणून नाही.

"तळ्यात-मळ्यात खेळत होता लेकाचा," मी घरी रोज जेवताना म्हणायचो. "शपथ म्हणजे काय इथल्या जांडल्स चपला आहेत, दारात काढून दुसऱ्या घालायला? माझे वडील बेचाळीस साली इंग्रजांच्या तुरुंगात गेले, पण माफीच्या कागदावर सही केली नाही." सून मुकाट्यानं वाढत राहायची. मुलगा खाली मान घालून जेवायचा. मला वाटायचं, पोरगा मन लावून ऐकतोय.

एका बुधवारी सून पैठणीला इस्त्री करत होती. ना सण, ना कुणाचं लग्न. मी विचारलं, तर इस्त्री बाजूला ठेवून ती रडायलाच लागली.

"बाबा, उद्या तुमच्या मुलाचा नागरिकत्वाचा समारंभ आहे. इंग्रजांच्या राणीशी निष्ठेची शपथ घ्यायची असते. इथलं नागरिकत्व घेतलं की आपला पासपोर्ट सोडावा लागतो. तुम्ही त्या सरदाराला रोज इतकं बोलता, त्याची सांगायची छातीच होईना. म्हणतो, बाबा पुण्याला गेले आणि परत आलेच नाहीत तर?"

मी तडक शेजारी गेलो. भांडायला कुणीतरी हवं होतं.

"तुमच्या त्या सरदाराला बाप नव्हता का, कान धरायला?"

"होता की," जर्मन म्हातारा म्हणाला. "बाप जुन्या राजाचा माणूस. पहिलं पदक मिळालं त्या दिवसापासून त्यानं मुलाला दार बंद केलं. मुलगा रशियाहून लंगडत आला, तेव्हाही उघडलं नाही. बाप मेल्यावरच मुलाचा पाय घरात पडला, तोही मागच्या दारानं."

"काय ताठा म्हणावा त्या थेरड्याचा!" मी भडकलो. "पोराची बोटं झडली आणि हा आतून कडी लावून बसला? चुलीत घाला असली निष्ठा!"

त्यानं कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मी कॉफी न घेताच उठलो.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "माझ्या कोटालाही इस्त्री कर."

समारंभ म्हणजे शुद्ध पोरखेळ. मेयर गळ्यात भली मोठी साखळी घालून पोळ्याच्या बैलासारखा मिरवत होता. शेपन्नास माणसं एका सुरात शपथ म्हणत होती, शाळेत पाढे म्हणतात तशी. मुलगा मधेच अडखळला आणि त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

नंतर राणीच्या तसबिरीसमोर फोटोंची रांग लागली. आमची पाळी आली तसा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मागे राणी येतेय. तुम्ही फोटोत नाही आलात तरी चालेल."

जिच्या बापाच्या राज्यात माझे वडील तुरुंगात सडले, ती बाई भिंतीवरून गोड हसत होती.

"चालेल म्हणे! गाढवा, सरक तिकडे," मी म्हणालो, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून राणीच्या बरोब्बर पुढे उभा राहिलो.