आपाबाईंचा मतदारसंघ

आपाबाई इतिहास शिकवताना पुस्तक उघडत नसत. आम्हालाच त्यात ढकलत. आडनाव मुलाणी. गल्लीत त्यांना सगळे आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत, शाळेत बाई. आम्ही कोरेगावच्या पोरींनी दोन्ही जोडून टाकलं.

इंग्रजांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले, म्हणजे त्यांच्या राखीव जागांवर मुसलमानांनीच मुसलमान उमेदवार निवडायचा, हा धडा आला तेव्हा वर्गाला मॉनिटर निवडायचा होता. बाईंनी खिडकीकडचे आणि दाराकडचे बाक वेगळे केले. "आपापल्यातलाच निवडायचा. पलीकडच्याला मत न्हाई." खिडकीकडे आम्ही थोडे, एरवी आम्हाला कोण विचारतंय? आमची सुमन निवडून आली तेव्हा आम्ही बाक बडवले.

लवकरच सहलीवरून जुंपली. आम्हाला वाईला जायचं होतं, दाराकडच्यांना सज्जनगडला. त्यांचा मॉनिटर दिलीप आमच्याकडे ढुंकून बघेना. कशाला बघेल? आमची मतं त्याला लागतच नव्हती. सहलच बुडायची वेळ आली. सुमन रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, ह्ये येगळं मतदान लय वाईट हाय."

बाई तिच्याच बाकावर टेकल्या. "माझे आजोबा शेतसारा भरायचे, म्हणून त्यांना मत होतं. पहिल्यांदा मत द्यायला निघाले ते ईदचा सदरा घालून. आपला कुणीतरी कौन्सिलात बसणार, आपल्यासाठी बोलणार! तो आनंद खोटा नव्हता गं. तूही नाचलीसच की. पण पुढं शेजारचे गणपतराव निवडणुकीला उभे राहिले, रोज एका विहिरीवर भेटणारा माणूस, आणि प्रचाराला आमच्या दारावरून तसेच पुढं गेले. आजोबांचं मत त्यांना पडणारच नव्हतं. आजोबा म्हणायचे, जागा मिळाली, पण उंबऱ्यावरचा माणूस गेला."

"मग बरोबर काय वो, बाई?"

"दोन्ही पायजेत. कसं जमवायचं ते तुम्ही बघा."

आम्ही तास संपेपर्यंत भांडलो आणि ठरवलं: मॉनिटर दोन्हीकडचा एकेक, पण दोघांनाही निवडायचं सगळ्या वर्गानं. सुमन दिवसभर दाराकडच्या बाकांवर हिंडली, दिलीप आमच्याकडे. पुन्हा तेच दोघं निवडून आले. या वेळी दोघांनी एकत्र बसून ठरवलं आणि सहल सज्जनगडला गेली. वाई राहिली ती राहिलीच, पण आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

निवृत्तीनंतर बाई सांगलीला विश्रामबागेत मुलाकडे राहायला गेल्या. तिथं सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. "आपा, तुमच्या लोकांतर्फे कमिटीत एक जण असावा. तुमचं नाव घालू?"

"घाला की. पण मला सगळ्या बिल्डिंगनं निवडायचं."

गुडघे दुखत असताना बाई मजल्यामजल्यावर जाऊन बसल्या. सभेत सगळ्यांचे हात वर गेले. हे त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. बाई मात्र माझ्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या.

परवा फोन केला तर म्हणाल्या, "नंतर बोलू गं. पार्किंगवरून भांडायला शेजारचे कुलकर्णी उंबऱ्यावर आलेत, त्यांना चहा देते आधी."

आवाजात आनंद मावत नव्हता.