दाजींची सावकाश पहाट

अंधाराने माणसाच्या घरात कसे यावे, याचे शिष्टाचार खुद्द अंधारालाच शिकवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो आमच्या अक्काच्या वाट्याला आला. दाजींचे तेलगावच्या फाट्यावर इलेक्ट्रिकचे दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि खिशात कायम टेस्टर. नव्वदीच्या त्या काळात परदेशी कंपन्या, केबल टीव्ही आणि एसटीडी बूथ देशात एकदमच आले. पण एकदम आलेली कुठलीच गोष्ट दाजींना मान्य नसे. उजेड तर नाहीच. "सूर्य काय खटका दाबून मावळतो का?" असे ते गिऱ्हाइकालाही विचारत, आणि गिऱ्हाईक नुसता बल्ब घेऊन निघून जाई. घरातल्या प्रत्येक दिव्याला त्यांनी पंख्याचा रेग्युलेटर बसवला होता. निजायच्या आधी ते घरभर फिरून एकेक बटण इतक्या सावकाश पिळत, की मी पेपरातला अग्रलेख वाचायला घ्यावा आणि लेखकाचा मुद्दा येईपर्यंत अक्षरे बुडून जावीत. माझे त्यात फारसे नुकसान होत नसे. अक्काचे होई. "भाकर करपली का न्हाई ते बघाया मला शेजारच्या घरी जावं लागतंय," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

हा उजेड कोंबड्यांपर्यंत पोचला तो निव्वळ दयेपोटी. गावाबाहेर बप्पांची पोल्ट्री होती. हिवाळ्यात दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात. त्यांना संध्याकाळी दिवा दाखवावा, तर नेमकी तेव्हाच लाईट जायची. बप्पा दुकानात येऊन म्हणाले, "शेट, अंडी न देणारी कोंबडी म्हंजी फुकटची पाव्हणी. संक्रांतीपतुर बघतो, न्हाईतर ढाब्याचा टेम्पो सांगतो." ज्याच्या सात पिढ्यांत कुणी अंडे फोडले नाही, त्या माणसाला त्या दिवशी जेवण गेले नाही. कोंबड्या वाचवायच्या तर त्यांना अंडी घालायला लावली पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांचा दिवस लांबवला पाहिजे, एवढा विचार करून दाजी कामाला लागले. रेडिओ-टेपच्या तोंडावर लुकलुकतात ते एलईडीचे लाल दाणे त्यांनी परळीपासून औरंगाबादपर्यंत गोळा केले, फळीवर शेकड्यांनी डकवले आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडले. उजेड कमी-जास्त करायला रेडिओच्या आवाजाचे बटण, आणि ते बटण फिरवायला जुन्या घड्याळाची चाके. लाल उजेडात कोंबड्या एकमेकींना टोचत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शेडवरून आले की अक्का त्यांना मागच्या दारी अंघोळ घालूनच आत घेई. "अगं, उजेड काय मांसाहारी असतोय का?" दाजी कुडकुडत विचारत. "उजेड नसंल, त्याचं गिऱ्हाईक हाय," अक्का म्हणे.

बप्पांनी हौसेने उद्घाटनाला एक पुढारी बोलावला. मावळत्या सूर्याच्या हातून उजेड अलगद आपल्या हाती घ्यायचा, असा दाजींचा बेत. पण पुढारी आले ते अंधार पडल्यावर, कोंबड्या निजल्यावर. निजलेल्यांना एकदम उठवायचे नाही म्हणून दाजींनी यंत्र पहाटेवर लावले. बँड वाजू दिला नाही. पुढाऱ्यांनी बटण दाबले. अंधार होता तसाच राहिला.

"का हो, बिघडलं का काय?"

"न्हाई साहेब. दम धरा, पहाट व्हायलीय."

"किती वेळ?"

"अर्धा तास. खरीलाबी तेवढा लागतोच की."

पुढाऱ्यांनी अंधारातच नव्या शतकाच्या पहाटेवर भाषण केले आणि ही पहाट व्हायच्या आत ते दुसऱ्या उद्घाटनाला गेले. बप्पा त्यांच्या मागोमाग गेले ते "टेम्पोच बरा" असे पुटपुटत. शेडमध्ये हळूहळू गुंजेसारखा लाल उजेड फुटला तेव्हा तो बघायला दाजी, मी आणि कोंबड्या एवढेच उरलो होतो. एकेक मान वर आली, बारीक कुरकुर सुरू झाली. "बघा मेव्हणं," दाजी कुजबुजले, "एक बी बिचकली न्हाई."

संक्रांतीला बप्पा तिळगूळ आणि टोपलीभर अंडी घेऊन दारात उभे राहिले. अक्काने तिळगूळ ठेवून घेतला, टोपली उंबऱ्याबाहेर. दाजींनी तेवढ्यात एक अंडे उचलून तळहातावर धरले, अजून कोमट होते. "आपला उजेड बघा, असा गोल हाय व्हय!" म्हणाले, आणि टोपलीत ठेवून हात धुवायला गेले.

पण म्हातारपणाला रेग्युलेटर नसतो. पुढे केव्हातरी त्याच कोंबड्या थकल्या. बप्पांनी दाजींना सांगितले, की चकलांब्याचे व्याही हौसेने पाळायला नेतायत. दाजींनी स्वतः तो लाल दाण्यांचा बोर्ड उतरवला, घड्याळासकट टेम्पोत ठेवला आणि ड्रायव्हरला बजावले, "नव्या जागी एकदम अंधार झाला तर घाबरतील. ह्यो रोज लावा." ड्रायव्हरने बप्पांकडे पाहिले, बप्पांनी आभाळाकडे.

गेवराईच्या रस्त्यावर एक ढाबा आहे. तिथल्या गल्ल्यावर तो बोर्ड मी ओळखला. तिन्हीसांजेला मालक बटण दाबतो आणि पावकिलो हंडीची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांवर सावकाश लाल पहाट होते. मी डाळ-रोटी खाऊन निघालो.

आता दाजींच्या दुकानात एलईडीचे बल्ब खोक्यांनी येतात, खटका दाबला की भक्कन पेटतात. दाजी ते नाइलाजाने विकतात. मी गेलो की हटकून विचारतात, "मेव्हणं, त्या अंगाला जाता तुमी. आपला बोर्ड दिसला का कुठं?"

"दिसला, दाजी," मी सांगतो. "अजून हळूहळूच उजाडतंय."

दाजींचा चेहरा मग उजळतो. तोही एकदम नाही.