अक्काची मशेरी

मी तिसरीत असताना आई गेली. मला वाढवलं ते अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. माझ्यापायी तिनं लग्न केलं नाही. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणजे मशेरी, बोटानं दातांना लावून, उरलेली गालात धरून उंबऱ्यात बसायची. मग चहा. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात सगळ्याच बाया लावायच्या. व्यसन गड्यांचं असतं, मशेरी म्हणजे नुसतं दात घासणं, अशी तिकडची समजूत.

मी शाळामास्तर. तंबाखूविरोधी शपथ पोरांकडून मीच म्हणवून घेतो. कुणाच्या दप्तरात पुडी सापडली की माझं डोकं फिरतं, थेट बापाला बोलावतो. घरात मात्र तव्याचा ठसका लागला की मुकाट्यानं खिडकी उघडायचो.

तीन वर्षांपूर्वी शाळेत शिक्षकांच्या घरच्यांसाठी आरोग्य तपासणी शिबिर होतं. "मला काय धाड भरलीय? धडधाकट हाय की मी," म्हणत अक्का अडून बसली. मी हट्टानं नेलं. शुगर झाली, बीपी झालं. फॉर्म मीच भरत होतो. तंबाखूचं कोणत्याही प्रकारे सेवन करता का, असा प्रश्न आला तेव्हा शेजारी मुख्याध्यापक उभे होते. अक्काला न विचारताच मी 'नाही'वर खूण केली. तोंड तपासणाऱ्या डॉक्टरबाईंपुढं रांग मोठी होती. त्यांनी फॉर्म पाहिला आणि "मावशी, तुम्ही गेलात तरी चालेल," म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आज लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात अक्का भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय जेवण न मानणारी बाई! विचारलं तर म्हणायची, दात हलतोय. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि मलाही वाकून बघायला सांगितलं. गालाच्या आत, मशेरी धरायची त्याच जागी, जखम होती. पुढं मोठं हॉस्पिटल, जखमेच्या तुकड्याची तपासणी, ऑपरेशन. डाव्या बाजूचा जबडा काढावा लागला. नुसता पांढरा चट्टा असताना सापडलं असतं तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं.

ती घरी आल्यावर आठवडाभर मी धीर गोळा करत होतो. एका दुपारी पेज भरवताना सांगून टाकलं, "अक्का, शिबिरात तुझ्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं."

तिनं घोट सावकाश गिळला. तिचं बोलणं आता फुटकं येतं, कान देऊन ऐकावं लागतं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "चौथी शिकलेय की मी. तू खूण केलीस ती बघितली व्हती. म्हनलं, गप बसावं. तुझ्या सायबापुढं तुझी मान खाली जायला नको."

चमचा कलंडून पेज तिच्या पदरावर सांडली. तिनं चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि आपली आपण खायला लागली.