दहा नंबरची रिंग

"हात पाहू," असं काकाजी म्हणायचे खरे, पण मापाच्या रिंगांचा जुडगा लगेच उचलायचे नाहीत. आधी आपल्या हाताची मागची बाजू गिऱ्हाइकाच्या बोटांना टेकवायची, पोराला ताप आहे का बघावं तशी. मग मान हलवायची. "थंडा आहे हात. बसा दहा मिनिटं. थंड्या बोटाचं माप घ्याले मले भेव वाटते."

वर्ध्यातल्या एका सराफाच्या दुकानात ते अंगठ्यांच्या काउंटरवर होते आणि मी शेजारी, पैंजण-जोडव्यांच्या. नऊ वर्षं आमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक काच होती. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली, चष्मा दोरीने मानेत अडकवलेला, आणि तोंडात सदा ते "भेव वाटते". प्रत्येक दुकानात, प्रत्येक ऑफिसात असा एक घाबरट माणूस असतोच, तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याची नक्कल करतो, चहाच्या वेळी हसून घेतो. मीही करायची. चांगली जमायची मला.

बोटांबद्दल त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. सकाळी आलेल्याला सांगायचे, "दुपारून या, झोपेतून उठलं की बोट सुजलं राह्यते." दुपारी आलेल्याला विचारायचे, "काल पापड-लोणचं जास्त झालं काय?" डाव्या हातात घालायची असेल तर उजव्याचं माप चालायचं नाही. रुंद पट्टीची अंगठी असेल तर एक नंबर वाढवून बघायचे. रिंग बोटात गेली की म्हणायचे, "आता हात झटका. जोरात. पडली नाई पाहिजे, अन् काढताना पेरावर रडवली नाई पाहिजे."

एकदा सिंदीचा एक मुलगा साक्षगंधाची अंगठी घ्यायला आला. होणाऱ्या बायकोच्या बोटाचं माप म्हणून पाकिटात जपून ठेवलेला दोरा काढला. काकाजींनी तो दोन बोटांत धरून हलकेच ताणला.

"हे पाहा, वाढलं बोट. पोरीले घेऊन या."

"ती लाजते जी."

"मंग अंगठीबी लाजन. अर्ध्या बोटातच थांबन, साऱ्या पाहुण्यांसमोर."

मुलगा तोंड पाडून गेला आणि चार दिवसांनी मुलीला घेऊन आला. अंगठी बसली. पण असे परत येणारे थोडे. बाकीचे समोरच्या दुकानात जायचे, आणि मालक चिडून म्हणायचे, "काकाजी, तुम्ही अंगठ्या विकता का डॉक्टरकी करता?" काकाजी जुडगा पुसत बसायचे.

मला दिवस गेले तेव्हा मी ठरवलं की आपल्या पगारातून आपल्यासाठी एक अंगठी घ्यायची. नक्षीही पसंत करून ठेवली होती. पाचवा महिना होता. काकाजींसमोर हात धरला तर त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही.

"आता नाई. बाळंत झाल्यावर घेजो."

"काऊन? पैसे काय पळून चालले?"

"या दिवसांतलं माप खरं नसते." मग म्हणाले, "असं करू. रोज सकाळी आली का मले हात दाखवत जाय. रोज माप घेऊ. शेवटी जे राहीन, ते तुझं."

मला वाटलं, म्हाताऱ्याला विरंगुळा हवा आहे. तेव्हापासून रोज दुकानात शिरलं की आधी काकाजींची हजेरी. पाचव्या महिन्यात दहा नंबर. सहाव्याच्या शेवटी अकरा. "एक नंबर वाढते, ते चालते," म्हणायचे, पण मला नाही, स्वतःलाच. पोरी हसायच्या. मी हात पुढे करताना नाटकी आवाजात म्हणायची, "काकाजी, मले भेव वाटते!" तेही हसायचे. रिंग निघून आल्यावर.

आठव्या महिन्यातला तो सोमवार. शनिवारी अकरा नंबर गेली होती. सोमवारी ती पेरावरच अडली. त्यांनी बारा नंबर लावली, तीही अडली. तेराही. चौदा गेली, तीसुद्धा फिरवून फिरवून. सकाळची वेळ आहे, झोपेची सूज असेल, असं आज ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते म्हणाले नाहीत. त्यांच्या हातातला जुडगा वाजत होता.

"डोकं दुखते काय?"

दुखत होतं, कालपासून. पण मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"डोयापुढं काही चमकते?"

सकाळी बसमध्ये दोनदा डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. मी उन्हावर ढकललं होतं. आणि भीती वाटली की माणूस चिडतो, तशी मी चिडले.

"काकाजी, सासूबाई म्हणतात अंग भरून आलं, चांगलं लक्षण आहे. तुम्ही काऊन मले घाबरवून राह्यले?"

"मीच घाबरून राह्यलो, पोरी," ते म्हणाले. "चाल. ऊठ."

तोपर्यंत मी त्यांना भर दुकानात काउंटर सोडताना कधी पाहिलं नव्हतं. जुडगा हातात तसाच. मालक "अहो, गिऱ्हाईक..." म्हणत राहिले आणि काकाजींनी रस्त्यात आडवं होऊन ऑटो थांबवला. जो माणूस रस्ता ओलांडायलाही कुणाचा तरी हात धरायचा, तो.

ऑटोत ते ड्रायव्हरजवळ अर्धे बसले होते आणि सारखे मागे वळून माझ्या हाताकडे बघत होते. मध्येच पुटपुटले, "मी मोठी करून देली होती. दोनदा." काय मोठी, कुणाला, मला काही कळेना. मी पोटावर हात ठेवला. एरवी सकाळी बाळ नुसता धिंगाणा घालायचं. त्या दिवशी दवाखाना येईपर्यंत ते एकदाही हललं नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही सुचेना. मला मरायचं नव्हतं, एवढं एकच डोक्यात होतं, आणि पोटातलं बाळ हलावं.

नर्सने बीपीचा पट्टा बांधला. सोडला. पुन्हा बांधला. आकडा सांगितला नाही आणि धावत गेली. ते तिचं धावणं मला आजही ऐकू येतं.

नवऱ्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, मग काही हातात राहिलं नसतं. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आठ दिवस मी त्या काचेपलीकडे बघत राहिले आणि आठही दिवस भीत राहिले. तिचा श्वास थांबला की काय, असं दर दोन मिनिटांनी वाटायचं.

नवव्या दिवशी पोरीला माझ्या कुशीत दिलं, आणि त्याच दिवशी काकाजी आले. दारातच उभे. पोरीकडे पाहिलं नाही. "हात पाहू," म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी हाताची मागची बाजू माझ्या बोटांना टेकवली. मग खिशातून जुडग्यातून काढून आणलेली एकच रिंग काढली. दहा नंबरची. पेरापाशी किंचित अडली आणि गेली. काकाजी खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते पुलगावला दागिने घडवायचे. बायको पहिलटकरीण, आठवा महिना. "म्हणे, अंगठी रुतते. मी कापली, मधे तुकडा टाकला, मोठी करून देली. चार दिवसांनं पुन्हा रुतली. पुन्हा मोठी केली. जोड दिसू देला नाई. शेजारीपाजारी नेऊन दाखवो मी, पाहा, कुठं जोड दिसते काय. डोकं दुखते म्हणे, तर मी म्हणो झोप." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तिसऱ्या डावाले सांगाले ती राह्यलीच नाई. झटके आले. पोटातलंबी गेलं. अन् मी सोनं मोठं करत बसलो होतो, पोरी."

म्हणजे रोजचं ते माप माझ्या अंगठीचं नव्हतंच. आणि मी त्या भीतीची नक्कल करत होते. मला माझीच लाज वाटली. माफी मागायला तोंड उघडलं, तर ते मुलीच्या बोटांकडे बघत म्हणाले, "इची बोटं लांब आहेत बाप्पा." आणि उठून गेले.

रिंग माझ्या बोटातच राहिली. परत द्यायला गेले तर काकाजींनी डोळ्यांनी नको म्हटलं. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "हरवली असन जी." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढं एकच खोटं.

काकाजींना जाऊन दोन हिवाळे झाले. आता अंगठ्यांच्या काउंटरवर मी असते. जुडग्यात अजूनही नवानंतर एकदम अकरा येते. दहा नंबरवाल्यांना मी दोन्ही घालून दाखवते आणि अंदाजाने मधलं सांगते. ती नक्षीची अंगठी मी कधी घेतलीच नाही.

मुलगी पहिलीत जाते. माझी बीपीची गोळी सुरू आहे. रोज सकाळी डबे भरून झाले की मी ती पितळेची रिंग बोटात घालून बघते. पेरापाशी ती क्षणभर अडते, आणि तेवढा वेळ मला भीती वाटते, अगदी काकाजींसारखी. मग ती जाते. शेजारी मुलगी आपला हात पुढे करून उभी असते, "माझंबी माप घे." मी आधी माझ्या हाताची मागची बाजू तिच्या बोटांना लावते.